गोड निंबोळ्यांचे पाळक

आमच्या पाळकसाहेबांचा आवाज ज्यानं ऐकला नाही, त्याला देवानं कान नुसते बिडी खोचायला दिले होते असं मी खुशाल म्हणतो. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. उदगीर आणि देगलूरच्या मधल्या आमच्या गावात, आमच्या ख्रिस्ती देवळात उभं राहून ते रविवारी "अरे ढोंग्यांनो!" असं गरजले, की देगलूरच्या अडतीत ज्वारी मापणारा हमाल मापटं खाली ठेवून कान पकडायचा. तहसीलदाराची घोडी एकदा त्या आवाजानं उधळली ती म्हणे बिदरच्या किल्ल्यातच जाऊन थांबली. तहसीलदारानं चपराशाबरोबर निरोप धाडला, "पादरीसाब को बोलो, खुदा बहरा नई है." पाळकसाहेबांनी उलट निरोप दिला, "खुदा नाही. माझी मंडळी आहे."

ढोंग हा त्यांचा आवडता विषय. दुसऱ्या कुठल्या पापावर ते बोलायला लागले तरी गाडी चार चाकोऱ्या ओलांडून ढोंगावरच यायची. शास्त्रातले परूशी, म्हणजे बाहेरून धर्माचा डौल आणि आतून राख असे ते लोक, त्यांच्यावर पाळकसाहेबांचा असा राग होता की जणू ते आमच्याच गल्लीत राहतात आणि रोज यांच्या दारात कचरा टाकतात. त्यांचा एक देवणी बैल होता, वानेरा जातीचा. अंग दुधासारखं पांढरं आणि तोंड काळं. त्याचं नावच त्यांनी 'परूशी' ठेवलं होतं. गाडीला जुंपताना रोज त्याला उपदेश चालायचा, "परूश्या, अंग किती पांढरं तुझं, आणि तोंड बघ!" बैल ऐकून घ्यायचा. आमच्यापेक्षा बरा ऐकायचा. निदान झोपत तरी नसे.

देवळाच्या चौकटीला बाहेरून त्यांनी न्हाव्याचा एक आरसा ठोकला होता. आत येणाऱ्यानं आधी त्यात बघायचं आणि स्वतःला विचारायचं, "बाबा रे, तू खरा का खोटा?" आरसा आमच्यासारख्यांच्या उंचीला बेताचा होता. पाळकसाहेब म्हणजे उंटानं वर मान करून बघावी असा माणूस. त्यांना त्यात अंगरख्याची तिसरी गुंडी तेवढी दिसायची. दर रविवारी ते गंभीरपणे त्या गुंडीकडे बघून आत यायचे.

ते मूळचे उदगीरकडच्या शिवभक्त वाण्याच्या घरातले. ऐन तारुण्यात दुकानाची तागडी खाली ठेवून येशूच्या मागं निघाले. घरच्यांनी मुलगा मेला असं समजून त्यांच्या नावानं आंघोळ केली. असा माणूस आमच्यात आला, आमच्यात राहिला, आमच्या ओसरीवर बसून भाकर मोडून जेवला, याचा आम्हाला कोण अभिमान! पाणी मात्र ते आपल्या फिरकीच्या झाकणाच्या तांब्यातलंच प्यायचे. "घसा सांभाळावा लागतो," म्हणायचे. तांब्यात लवंगाचं पाणी असे. आमच्याकडं असा बोभाटा होता की त्यात वाघाची चरबी घालतात, म्हणून आवाज असा. गाण्याची हौस असलेल्या दोघातिघांनी उदगीरहून तसले तांबे आणले. आवाज आला नाही, तांबे गळायला लागले.

आता आमची मंडळी कशी होती तेही सांगतो. गावाच्या कडेला आमच्या दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. एक आळी एका वाड्यातून ख्रिस्ती झालेली, दुसरी दुसऱ्या वाड्यातून. जातींची नावं सांगत नाही, कारण बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या आम्ही बुडवल्या असं आमचं म्हणणं होतं. पण त्या पट्टीच्या पोहणाऱ्या निघाल्या. आमच्या अगोदर काठावर येऊन बसल्या. देवळात वरची आळी पुढं बसायची आणि खालची मागं. असं कुणी ठरवलं नव्हतं. पाण्याला उतार कुणी ठरवतं का? मी वरच्या आळीचा. पण मी डग्गा वाजवायचो, म्हणून बसायला थेट टेबलाशेजारी.

महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे. भाकरीचा एकेक तुकडा आणि एकाच पेल्यातून सगळ्यांनी एकेक घोट. आमच्या रानात द्राक्षं कुठली? पाळकीणबाई मनुका उकळून रस करायच्या. पेला आधी पाळकसाहेब तोंडाला लावायचे. "मेंढपाळ पाणी आधी चाखतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग पेला वरच्या आळीतून खालच्या आळीत उतरायचा आणि सगळ्यात शेवटी खालच्या आळीच्या म्हाताऱ्या मार्थाआईकडं जायचा. तळाशी उरलेला रस पाळकसाहेब स्वतः बाहेर नेऊन दारातल्या कडुलिंबाच्या मुळाशी ओतायचे. पवित्र रस भलत्या भांड्यात राहू नये, असं आम्ही समजायचो. इतकी वर्षं मनुकांचा रस पिऊन त्या लिंबाच्या निंबोळ्या गोड झाल्या होत्या. हसू नका. मी खाल्ल्या आहेत. मुंगळ्यांची रांग लागायची.

भोजनाच्या आदल्या शनिवारी असायची 'पारख'. मनात खोट ठेवून जो पेल्याला तोंड लावतो, तो आपली शिक्षा पितो, म्हणून आधी प्रत्येकानं स्वतःला तपासायचं असतं. आमच्यावर ते काम सोडायला पाळकसाहेब तयार नव्हते. लिंबाच्या पारावर ते बसत, आम्ही खाली. दंडावर गंडादोरा आहे का बघत, कोण कोणाशी बोलत नाही ते विचारत, आणि तोंड उघडायला लावून वास घेत. तंबाखूवर त्यांचा डोळा.

"मार्थाआई, तोंड उघड."

"कामून? दात मोजता का? एकच हाय, चोरीला न्हाई गेला."

"तंबाखू!" लिंबावरचे कावळे उडाले.

"मिश्री हाय जी. दातासाठी."

"दात तर एकच आहे!"

"एकुलता एक हाय, म्हणून तर जपून राहिले!"

खालच्या आळीची ही म्हातारी एकटीच अशी, की पाळकसाहेबांच्या आवाजाला तिच्यापाशी येऊन खोकला लागायचा. ती त्यांना "लेकरा" म्हणायची.

त्या वर्षी हैदराबादेहून मिशनचे गोरे साहेब आले. प्रभुभोजन ते चालवणार होते, म्हणून आमचे पाळकसाहेब प्रथमच टेबलामागं उभे न राहता आमच्यात, माझ्या शेजारी येऊन बसले. देऊळ खचाखच भरलेलं. साहेब भला माणूस. त्याला वरची आळी काय आणि खालची काय, सगळे सारखेच उन्हानं भाजलेले. पेला उचलून तो सरळ मागं चालत गेला आणि पहिला मार्थाआईच्या हातात दिला!

आमच्या वरच्या आळीतून असा आवाज निघाला, जसा दुधात मीठ पडल्यावर बाईच्या तोंडून निघतो. पण गोऱ्या साहेबापुढं बोलणार कोण? पेला मागून पुढं यायला लागला. एकेकानं डोळे मिटून घोट घेतला. आम्हाला भक्तीत एवढे घट्ट डोळे मिटताना देवानंही कधी पाहिलं नसेल. माझ्याकडं आला, मीही मिटले. घोट घेतला आणि डग्ग्यावर एक थाप मारली. शेवटी पेला पाळकसाहेबांकडं.

त्यांनी तो तोंडाला लावला, मान मागं केली, पेला खाली आणला. मी शेजारीच होतो. मला एवढंच दिसलं की त्यांच्या गळ्याची घाटी हलली नाही.

साहेबांनी शेवटची प्रार्थना करायला त्यांना खुणावलं. ते उठले. आम्ही कानात बोटं घालायच्या तयारीत. आवाजच येईना! तोंड उघडतंय, मिटतंय. मग एक बारीक, चिरका, कुणा परक्याचाच आवाज आला.

"मी प्यालो नाही."

मागच्या बायका एकमेकींना विचारायला लागल्या, "काय म्हणून राहिले? काय म्हणून राहिले?"

"ओठ मिटून पेला लावला. बघा, मिशा कोरड्या आहेत. मी दरवेळी आधी पितो ते चाखायला नाही. तुमच्यानंतर प्यावं लागू नये म्हणून. उरलेला रस लिंबाला घालतो तो पवित्र म्हणून नाही. उष्टा म्हणून. तांब्यात घशाचं औषध नाही, तुमच्या घरचं पाणी टाळायचा बहाणा आहे." त्यांनी साहेबांकडं बघितलं. "हैदराबादेला साहेबांनी पेला आधी स्वतः घेतला आणि मग मला दिला, तेव्हा माझा घसा अडला नाही. म्हणजे मला उष्ट्याची किळस नाही. मला तुमची किळस आहे. आणि इतकी वर्षं मी तुम्हाला ढोंगी म्हणून राहिलोय."

साहेबांना मराठी बेताचंच यायचं. प्रार्थना संपली असं समजून त्यांनी मोठ्यानं "आमेन!" म्हटलं.

दुसरं कुणी म्हटलं नाही. मग मागून मार्थाआई उठली.

"म्हंजे लेकरा, इतकी वर्षं मी तुजं उष्टं प्याले, आन् तू माजं झाडाला घातलंस व्हय?"

पाळकसाहेबांनी होय म्हणून मान हलवली. बाहेर जाताना ते आरशापाशी थांबले आणि गुडघे मोडून खाली वाकले. पहिल्यांदाच. किती वेळ बघत होते कोण जाणे. अंगणात परूशी बांधला होता. त्याच्या काळ्या तोंडावर हात ठेवून म्हणाले, "माफ कर रे. तुझं काळं निदान तोंडावर आहे."

साहेबांची मोटार धुरळ्यात दिसेनाशी होते न होते तोच आमच्या वरच्या आळीचे पंच पाळकसाहेबांच्या ओसरीवर हजर. मोठे धूर्त गृहस्थ. अंधारातही सावली बरोबर ठेवणारे.

"साहेब, ऊन लागलं का तुम्हाला? कोण कुणाचं उष्टं पितं ते देव बघून घेईल. गावाला कशाला सांगायचं?"

"देवानं बघितलंच होतं, पंच. गावाचं राहिलं होतं."

"तुमचं जाऊ द्या हो. तुमाला काय, फटफटीत बोलून मोकळे झालात. उद्यापासून पेला मागूनच यायला लागला तर आमी कोणाच्या मागं? जरा इचार करा. आमची पोरं हायत लग्नाची!"

"येत्या शनिवारी मी पाराच्या खाली बसतो. मंडळीनं माझी पारख करावी. मंडळी म्हणाली तर पेल्याला हात लावीन. नाही म्हणाली तर..." ते थांबले. "मागं जायला घर नाही. घरच्यांनी माझी आंघोळ कधीच उरकली. मग परूशी नेईल तिकडं."

"मंडळी म्हणजे आमीच की!" पंच म्हणाले आणि जोडा पायात सारून निघून गेले.

शनिवारी पाळकसाहेब धुळीत मांडी घालून बसले. पारावर कुणी नाही. वरच्या आळीनं दारं लावून घेतली होती. खालची आळी लांब उभी राहून बघत होती. मी मध्ये, डग्ग्याची वादी आवळायचं निमित्त काढून. एवढ्यात मार्थाआई काठी टेकत आली आणि सरळ पारावर चढून बसली.

"तोंड उघड."

एवढा मोठा माणूस, त्यानं आ केला. म्हातारीनं वाकून वास घेतला. "तंबाखू न्हाई. आतून दुसरंच कायतरी वास मारून राहिलंय." मग पदराखालून पाण्याचा गडवा काढला, त्यातलं पाणी अर्धं प्याली आणि गडवा पुढं केला. "घे."

पाळकसाहेबांनी घेतला. डोळे मिटून घटाघट प्यायले. खालच्या आळीतून कुणीतरी "हाव! प्याले!" म्हणून ओरडलं. आणि पाळकसाहेब उठून लिंबाच्या मागं धावले. जे झालं ते सगळ्या गावानं ऐकलं. तो आवाजही त्यांचा असल्यामुळं देगलूरपर्यंत गेला असेल.

मार्थाआईनं तोंडाला पदर लावला नाही, की कपाळावर हात मारला नाही. एवढंच म्हणाली, "बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं, पर पोटापोतर पोचलं न्हाई. उद्या ये."

मग रोजचंच झालं. सकाळी पाळकसाहेब तिच्या दारात जायचे, अर्धा गडवा प्यायचे आणि उकिरड्याकडं पळायचे. गावातली रिकामी माणसं टेकायला जागा धरून बसू लागली. शेंगावाली तिथं टोपली घेऊन यायची, आता बोला! पाळकसाहेब परत येऊन डोळे पुसत सगळ्यांना मोठ्यानं सांगायचे, "बघा, ढोंग किती खोल असतं ते! बघा या पाप्याला!" आवाज परत आला होता. रडण्यातही एक थाट आला होता. बायका म्हणायच्या, "केवढा पश्चात्ताप!"

एक दिवस मार्थाआईनं गडवा दिलाच नाही.

"रोज माज्या दारात येऊन वकतूस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "लोक म्हणत्यात, केवढा पाळक, केवढा पस्ताव. आन् ज्या बाईचं पाणी पोटात ठरंना, तिला काय वाटतंय ते इचारलंस का? माजी नातवंडं बघून राहिलीत, लेकरा. त्यास्नी वाटतंय आपल्या आजीच्या तोंडात इख हाय."

पाळकसाहेबांनी जमलेल्या लोकांकडं पाहिलं, शेंगांच्या टोपलीकडं पाहिलं आणि खाली मान घालून निघून गेले. पंचांनी सगळीकडं सांगितलं, "झालं, संपलं. आता पेला आपला पहिल्यासारखा." आम्हीही तसंच धरून चाललो; पाळकसाहेबांनी मात्र पेल्याला हात लावला नाही.

मग ऐन उन्हाळ्यात मार्थाआई तापानं पडली. खालच्या आळीच्या आडाला पाणी नव्हतं. ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याला तासभर बसलं तर घागर भरायची. पोरं-सुना रानात. भर दुपारी बघतो तर झिऱ्यापाशी पाळकसाहेब! तो लांबलचक देह वाळूत घडी घालून बसलेला, आणि करवंटीनं पाणी भरतायत आपल्या त्या फिरकीच्या तांब्यात. मी आणि आणखी दोघंतिघं मागोमाग गेलो. खोटं कशाला बोलू, तमाशा बघायलाच गेलो.

त्यांनी म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तिच्या तोंडाला लावला. फिरकीच्या काठावर तिचा तो एकुलता दात वाजला. ती प्याली, थांबली, पुन्हा प्याली. "झिऱ्याचं हाय व्हय?" म्हणाली. "गोड हाय." पाळकसाहेबांनी तिला नीट निजवलं, पदर भिजवून कपाळावर ठेवला. घामानं ते निथळत होते. बाहेर ओट्यावर येऊन टेकले, तांब्या वर केला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

आम्ही दोघंचौघं श्वास धरून. आता उठतो, आता पळतो. मिशा ओल्या, घाटी हललेली, आणि माणूस आपला उपरण्यानं वारा घेतोय.

"काय बघून राहिलाव रे?" त्यांनी विचारलं.

मीच बोट केलं. त्यांनी तांब्याकडं बघितलं. मग दाराच्या आत, मार्थाआईकडं. चेहरा असा झाला, जसा झोपेत नदी ओलांडलेल्याला पैलतीरावर जाग यावी. "अय्यो," एवढंच म्हणाले, त्यांच्या दुकानातल्या लहानपणच्या कानडीत. आणि कुणालाही काही सांगायला गेले नाहीत.

त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला ते टेबलामागं उभे राहिले नाहीत. मार्थाआई ताप उतरून भिंतीला टेकून बसली होती; तिलाच विचारलं, "आई, पेल्याला हात लावू का?" ती म्हणाली, "लाव. पर मागून." वरची आळी पंचांसकट उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसली. मी? डग्गेवाल्याला जागा सोडता येत नाही, हे एक बरं असतं. पेला मार्थाआईपासून निघाला, फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. सगळ्यात शेवटी पाळकसाहेबांनी तळापर्यंत घेतला. बाहेरून सगळे माना लांब करून बघत होते, पंच सगळ्यात पुढं. पाळकसाहेब पळाले नाहीत. घाटी हलली, आणि ते पेला पुसायला लागले.

तेव्हा पंचांची बायको लिंबाखालून उठली. नवरा "अगं, अगं" म्हणतोय तोवर ती आत येऊन उभी. "मला ऱ्हायलं," म्हणाली.

पाळकसाहेबांनी रिकामा पेला तिला दाखवला. "संपला, बाई. पुढच्या भोजनाला या. मागं बसा, म्हणजे लवकर मिळेल."

पुढच्या भोजनाला ती आली. तिच्या मागून हळूहळू आणखी कोण कोण आलं. पंच शेवटपर्यंत लिंबाखालीच बसायचे, सावलीला. तिथंच बसून एका उन्हाळ्यात त्यांनी खाली पडलेली पिवळी निंबोळी उचलून तोंडात टाकली आणि थू थू करत सबंध आवार डोक्यावर घेतलं. मी जाऊन एक चाखली.

कडूजहर होती.